सात संध्याकाळी आणि एक काळी पँट

दिवस पहिला : बार्सिलोना

सहलीच्या जहाजावर, म्हणजे क्रूझवर, पहिल्या रात्री मी विमानातल्याच चुरगळलेल्या कपड्यांवर जेवायला बसलो आणि कुणी एक अक्षर बोललं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण निघण्यापूर्वीचे दोन महिने मी याच एका गोष्टीची धास्ती घेतली होती. तिकिटं काढून देणाऱ्या गृहस्थांनी फोनवर ठासून सांगितलं होतं, "सर, टक्सिडो लागतो हं. नाहीतर जेवायला आत घेत नाहीत." मग एका मित्राचा टक्सिडो, म्हणजे समारंभी जेवणाचा काळा कोट-पँट, उसना आणला. त्यानं तो आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शिवला होता आणि त्यानंतर कपाटातून काढला नव्हता. शिवाय माझा एक सूट, निळा ब्लेझर, चार पँट, आठ शर्ट, तीन टाय, दोन जोड बूट. बायकोची सुटकेस माझ्यापेक्षा चार किलोनं हलकी भरली. आमच्या संसारात हे प्रथमच घडलं आणि अजून ऐकून घेतोय.

ती सगळी सामग्री त्या संध्याकाळी जहाजाच्या पोटात कुठेतरी होती. बंदरावर सुटकेस ताब्यात घेतात, एक्स-रेमधून काढतात आणि मग केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. हजारो बॅगा असल्यावर एखादी दुपारी तीनला येते, एखादी रात्री नऊला. आमच्या नशिबी नऊ. म्हणूनच पहिल्या रात्री कुठल्याच जहाजावर नटायची सक्ती नसते. जुन्या बोटींवरही हीच रीत होती. तेव्हा ट्रंकांवर चिठ्ठ्या डकवत, एक 'प्रवासात लागेल' आणि एक 'प्रवासात लागणार नाही'. दुसऱ्या चिठ्ठीची ट्रंक थेट तळाशी जाई. माझ्या निम्म्या सामानावर ती दुसरी चिठ्ठी डकवायला हरकत नव्हती, हे मला सातव्या दिवशी कळलं.

तेव्हा पहिली शिकवण : हातातल्या बॅगेत एक धुतलेला शर्ट आणि दाढीचं सामान ठेवा. बायकोनं ठेवलं होतं. स्वतःचं.

नऊला बॅग आल्यावर तिनं पर्समधून चार लोहचुंबकी हूक काढले आणि खट खट करत केबिनच्या भिंतींवर लावले. मी निघताना तिला हसलो होतो. जहाजाच्या केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे हूक घट्ट बसतात, आणि कपाट इतकं अरुंद की हूक नसते तर माझे ते आठ शर्ट बिछान्यावर आमच्या मध्ये झोपले असते.

दिवस दुसरा : दिवसभर समुद्र

रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यात सूर्यास्ताची वेळ, कार्यक्रम आणि एका ओळीत त्या रात्रीचा पोशाख छापलेला असतो. आजची ओळ होती 'फॉर्मल'. सात रात्रींत अशा दोन. पहिली बहुधा समुद्रातल्या दिवशीच ठेवतात. बंदरात दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला बो टाय बांध म्हणणं अमानुष आहे, आणि समुद्रात दुपारी चारनंतर करण्यासारखं तसंही फार नसतं.

टक्सिडोच्या पाठीवर घडीच्या दोन रेघा पडल्या होत्या. केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी. आगीचं भय जहाजावर सर्वांत मोठं, म्हणून बॅगेत इस्त्री सापडली तर बंदरावरच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. कपड्यांवर वाफ सोडणाऱ्या स्टीमरलाही बहुतेक जहाजांवर हीच वागणूक. उपाय दोन : पैसे देऊन इस्त्रीला टाका, नाहीतर न्हाणीघरात हँगरला लटकवून दार लावा आणि दहा मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडा. मी दुसरा उपाय केला. एक रेघ गेली. दुसरी राहिली, पण ती पाठीवर असल्यामुळे मला दिसत नव्हती.

आता टक्सिडो म्हणजे नक्की काय, कारण मला वाटायचं काळा सूट म्हणजेच टक्सिडो. शेजारी ठेवून बघितलं तेव्हा फरक कळला. कोटाच्या कॉलरचा उलटलेला भाग साटिनचा, चमकदार. बटण एकच. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर कमरेपासून पायापर्यंत तशीच चमकती पट्टी. पट्ट्यासाठी लूप नाहीतच. पँट गॅलिसवर किंवा बाजूच्या बकलांवर तोलायची. शर्टाला वरच्या भागात बटणांऐवजी सुटे काळे खडे असतात, आणि ते लावताना एक तरी पलंगाखाली जातो. आमचा गेला. जहाज तेवढ्यात जरासं कललं आणि तो स्वतःहून बाहेर आला.

बो टाय बांधणं ही वेगळीच शिक्षा. अर्धा तास आरशासमोर घाम गाळल्यावर बायको म्हणाली, "बुटाची नाडी बांधतोस ना? तीच गाठ आहे." खरंच तीच आहे. मांडीवर आधी एकदा बांधून बघितली, मग गळ्यात. डावीकडचं पंख उजवीपेक्षा मोठं आलं, पण तयार मिळणाऱ्या हूकवाल्या बोसारखं ते मख्ख दिसत नाही. हाताची गाठ वाकडीच शोभते, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

कोटाचा जन्म मात्र आरामासाठी झालेला आहे, ही मोठी गंमत. 1865 साली लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीनं तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणांना घालायला एक आखूड कोट शिवला. मागे शेपट्या असलेल्या लांब कोटात बसून तो कंटाळला होता. 1886 मध्ये न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत उभी राहिली आणि अमेरिकेत या कोटाला तिचंच नाव पडलं. म्हणजे ज्या कपड्याच्या धाकानं मी दोन महिने झोपलो नाही, तो एका राजपुत्राचा 'जरा मोकळं बसू या' म्हणून शिवलेला कोट.

जेवणाच्या दालनात शिरल्यावर मोजदाद केली. पुरुषांपैकी पाचातला एखादा टक्सिडोत असेल. बहुतेक गडद सूट आणि टाय, बरेच नुसते ब्लेझर आणि टाय. दोघं-तिघं टायशिवायही होते आणि त्यांना कुणी अडवलं नाही. तिकिटवाल्या गृहस्थांची मी मनातल्या मनात पूजा बांधली.

आमचं टेबल सहा जणांचं. एक निवृत्त जोडपं आणि त्यांचे मित्र, चौघंही क्रूझचे अट्टल प्रवासी. त्यातले म्हातारे गृहस्थ स्कॉटलंडचे, किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घालून आलेले. गुडघ्यापर्यंत मोजे, मोज्यात छोटी सुरी असते ती मात्र नव्हती. सुरक्षा तपासणीत ती कशी सुटणार! फॉर्मल रात्री ज्याचा त्याचा राष्ट्रीय पोशाख किंवा सैनिकी गणवेश चालतो, कित्येक कंपन्या तसं नियमातच लिहितात. त्या दालनात सर्वांत दिमाखदार तेच दिसत होते, आणि बहुधा सर्वांत हवेशीरही.

ते माझ्या कोटाकडे बघून म्हणाले, "काळा आहे. गर्द निळा घ्यायचा. दिव्याखाली काळ्यापेक्षा काळा दिसतो." मी हसण्यावारी नेलं. पण तसं खरंच होतं. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली काळं कापड थोडं हिरवट, विटकं वाटतं आणि मध्यरात्रीच्या आभाळासारखा निळा ठार काळा दिसतो. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या आठव्या एडवर्डनं हाच रंग लोकप्रिय केला. आजोबानं लांबी कापली, नातवानं रंग बदलला.

जेवण झाल्यावर मी टेबलाजवळ उभा होतो, तर मागून एका बाईंनी खांद्यावर हलकेच टिचकी मारली आणि पाणी मागितलं. बरोबर आहे. काळा कोट, बो टाय, हातात रिकामा पेला. मी पाणी आणून दिलं. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिवस तिसरा : नेपल्स

बंदरांचं वर्णन करणार नाही, ती पुष्कळांनी केलेली आहेत. मी जेवायला काय घातलं एवढंच लिहायचं ठरवलंय.

आज पत्रकात 'स्मार्ट कॅज्युअल'. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायचंय. पुरुषांसाठी त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच : लांब पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट. कोट ऐच्छिक. पोलो टी-शर्ट चालतो, पण स्वच्छ आणि कॉलर न मुडपलेला. काय चालत नाही याची यादी जास्त स्पष्ट असते : हाफ पँट, पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, रबरी सपाता आणि डोक्यावरची टोपी.

दारातच त्याचा प्रयोग बघायला मिळाला. आमच्या पुढे एक गृहस्थ कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, महागडं घड्याळ आणि खाली गुडघ्याच्या वर संपणारी चड्डी, असे उभे. दालनाचा प्रमुख वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. आवाज नाही, बोट दाखवणं नाही. गृहस्थ वळून गेले आणि दहा मिनिटांत पँट घालून आले. तोवर त्यांच्या खुर्चीवर रुमाल घडी करून ठेवलेला, पेला भरलेला. नियम असे पाळून घेता येतात हे बघून मला फार बरं वाटलं.

मी ब्लेझर घातला होता. एसी इतका गार की कोट थंडीसाठीच लागतो. शिष्टाचार हा त्याचा दुय्यम उपयोग.

दिवस चौथा : चिविटावेकिया, म्हणजे रोमसाठी

नऊ तास चालणं. पाय बुटात मावेनात. सपाता घालून वरच्या मजल्यावरच्या बुफेत जेवलो. तिथे पोहण्याचे ओले कपडे सोडून बाकी सगळं चालतं, फॉर्मल रात्रीसुद्धा. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी ही वाट कायम उघडी असते. मग सक्ती कसली आणि तक्रार कसली?

दिवस पाचवा : लिव्होर्नो

आज पुन्हा स्मार्ट कॅज्युअल, पुन्हा तोच निळा ब्लेझर. खाली राखाडी पँट, परवा न घातलेला शर्ट. टेबलावर कुणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि ते सभ्य होते. पुरुषांच्या कपड्यांचं हे एक बरं आहे. शर्ट बदलला की माणूस बदलतो.

आज मंडळींना जहाजांच्या तुलनेचा विषय मिळाला आणि मला फुकट शिक्षण. सर्वांत कडक क्युनार्ड ही कंपनी. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बऱ्याच भागात नीटनेटकंच राहायचं आणि गाला, म्हणजे खास नटायच्या, संध्याकाळी डिनर जॅकेट (टक्सिडोचंच दुसरं नाव) किंवा गडद सूट. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 सालीच 'फ्रीस्टाइल' काढून जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि ठरलेला पोशाख सैल केला. व्हायकिंगवर फॉर्मल रात्र नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसवरही नाही. बाकीच्या बड्या कंपन्या मध्ये कुठेतरी, आणि प्रत्येकीनं त्या रात्रीला आपापलं गोंडस नाव ठेवलेलं. अर्थ बहुधा एकच की कोट असेल तर घाला. तिकीट काढायच्या आधी कंपनीच्या संकेतस्थळावरचं पोशाखाचं पान वाचावं, मध्यस्थाच्या फोनवर जाऊ नये. मी ते पान वाचलं ते नेपल्सच्या आसपास.

मग किल्टवाल्या आजोबांनी आवाज खाली घेऊन बेंजामिन गुगेनहाइमची गोष्ट काढली. 1912 च्या एप्रिलमधली ती रात्र. टायटॅनिक बुडतंय हे कळल्यावर या धनिकानं अंगावरचं लाइफ जॅकेट काढलं, तो आणि त्याचा सेवक संध्याकाळच्या जेवणाचा पोशाख चढवून आले आणि तसेच गेले. टेबलावर क्षणभर शांतता. त्यांची बायको म्हणाली, "ही गोष्ट हा प्रत्येक जहाजावर सांगतो. त्यामुळे आम्हाला दुसऱ्यांदा कुणी टेबलावर घेत नाही."

दिवस सहावा : जेनोआ

आज दुसरी फॉर्मल रात्र, आणि आलो कुठल्या गावात, तर जेनोआत. या गावाचं फ्रेंच नाव 'झेन' आणि त्यावरून आला 'जीन्स' हा शब्द. इथल्या बंदरातून जाणारं जाडंभरडं कापड खलाशी, हमाल वापरत. 'डेनिम' हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून पडलं असं मानतात, आणि तांब्याच्या रिव्हेटा मारलेल्या पँटचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना 1873 मध्ये अमेरिकेत मिळालं. म्हणजे जहाजावरच्या माणसांचा सर्वांत अस्सल कपडा कुठला, तर जीन्स. आणि आज रात्री जहाजावर मनाई कशाला, तर जीन्सला. मी दिवसभर जीन्स घालून गाव हिंडलो आणि सहाला ती हूकवर टांगली.

मग टक्सिडोची पँट चढवली आणि पोट आत घेऊन हूक अडकवायला गेलो.

पाच दिवस. रोज चार प्रकारांचं जेवण, वर मध्यरात्रीचं खाणं. दुसऱ्या दिवशी जेमतेम बसलेली पँट आज बसत नव्हती. बाजूची बकलं शेवटपर्यंत सैल केली. श्वास सोडला आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला. हूक कापडासकट उपटून माझ्या तळहातात. चपटा, पितळी, शेपटाशी काळे दोरे. मित्राच्या लग्नाच्या वाढदिवसाचा हूक.

"दाखव," बायको म्हणाली. केबिनमध्ये मिळालेल्या शिवणकामाच्या पाकिटात सुई होती, दोरा होता, पण हूक शिवायला जिथे टाके घ्यायचे ते कापडच फाटलं होतं. तिनं सेफ्टी पिन काढली आणि पँटची दोन टोकं जेमतेम भेटतील अशी टोचली. मधे दोन बोटांची फट. त्यातून पांढरा शर्ट, मांजराच्या जिभेसारखा.

"आता?"

"आता तो पट्टा बांध. त्या रात्री नको म्हणालास तो."

पट्टा म्हणजे कमरबंद. इंग्रजीत त्याला 'कमरबंड' म्हणतात आणि लोक तो विलायती समजतात. शब्द फारसी, आपल्याकडे हिंदुस्थानीतून रुळलेला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उकाड्यात वेस्टकोटाऐवजी तो कमरेला बांधायला सुरुवात केली आणि तिथून तो डिनर जॅकेटखाली जाऊन बसला. त्याचं कामच मुळी शर्ट आणि पँट जिथे भेटतात ती जागा झाकणं. चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवून बांधायचा. मी दुसऱ्या रात्री तो ढोंग म्हणून सुटकेसमध्ये टाकला होता. आज मागचं बकल लागलं, पुढे साटिनच्या पाच चुण्या सपाट बसल्या, आणि फट, पिन, पाच दिवसांचं जेवण सगळं त्याच्याआड गेलं. कोणत्याही कपड्यानं माझ्यावर एवढे उपकार केलेले नाहीत.

फक्त वाकायचं नव्हतं. त्यात जहाज थोडं डोलत होतं आणि माझे बूट कातडी तळव्याचे. जिन्यावरच्या पितळी पट्टीवर पाय सरकला, मी कठडा धरला आणि पिन कमरेला टोचली. फोटोवाले जिन्याच्या चौकात पडदे लावून बसले होते, त्यांनी नेमकं तेव्हाच बोलावलं. त्या फोटोत मी अतिशय ताठ आणि रुबाबदार दिसतो. बायको म्हणते, एवढा चांगला फोटो आमच्या लग्नातही आला नव्हता. टोचत होतं म्हणून.

किल्टवाले आजोबा गर्द निळ्या डिनर जॅकेटमध्ये आले. माझ्याशेजारी बसले आणि बाही माझ्या बाहीला लावली. खरंच. माझी काळी, त्यांची काळी. फरक ओळखता येईना.

दिवस सातवा : मार्से

शेवटच्या रात्री पुन्हा कुणी नटत नाही, कारण सुटकेस रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. निळी पँट, पांढरा शर्ट, ब्लेझर. सात रात्रींत हा एक ब्लेझर तीनदा घातला. फॉर्मल रात्रीही त्याला टाय लावून भागलं असतं. एक गडद कोट, दोन पँट, तीन-चार शर्ट, एक टाय, रबरी तळव्याचे काळे बूट : एवढ्यात माझी सहल झाली असती. सूट तर एकदाही अंगावर चढला नाही. ज्याला हौस आहे त्यानं टक्सिडो जरूर न्यावा, पण कमरेचं माप निघताना नव्हे, पाचव्या दिवशीचं धरून.

जेवून आलो. बायकोची सुटकेस आधीच बाहेर. मी केबिनच्या मंद पिवळ्या दिव्यात घाईनं भरत होतो. "उद्याची पँट ठेवलीस ना बाहेर?" तिनं विचारलं. मी न्हाणीघराच्या दारामागच्या हूककडे पाहिलं. गर्द रंगाची पँट लटकत होती. "हो, ठेवली." टी-शर्टही ठेवला. झोपायचे कपडे चढवले, अंगावरचे काढून सुटकेसमध्ये कोंबले, चेन ओढली आणि बॅग बाहेर लोटली. दहा मिनिटांत कुणीतरी ती ओढत घेऊन गेलं.

दिवस आठवा : पुन्हा बार्सिलोना

सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि दारामागची पँट काळी निघाली. शिवणीवर चमकती पट्टी. कमरेला पिन.

बायको पलंगावर बसून हसत होती, बराच वेळ. मी टी-शर्ट बाहेर काढून पिन झाकली. पायात काळे बूट होते, ते तेवढे जुळले.

उतरायचा क्रम सुटकेसच्या टॅगच्या रंगावर ठरतो. आमचा टॅग पिवळा, नंबर उशिरा. सामानाच्या दालनात रंगांनुसार सुटकेसच्या रांगा लावल्या होत्या. मी आमची शोधत होतो, तेवढ्यात खांद्यावर हलकी टिचकी बसली. त्याच पाणीवाल्या बाई. त्यांनी माझ्या पँटच्या पट्टीकडे बघितलं, ओळखीचं हसल्या आणि हातातला हिरवा टॅग पुढे केला.

मी त्यांना हिरव्या रांगेपर्यंत सोडून आलो. दोन बॅगा होत्या, एक जड होती, ती मी उचलली नाही. वाकायचं नव्हतं.